कायद्याला आवाज ऐकू येतो, टायमिंग दिसत नाही

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा. विषय गाड्यांचा आहे, पण गाडीवाल्यांपुरताच नाही. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करायची आहे. दुसऱ्यावर बोट दाखवायच्या आधी आपला हात धुतलेला बरा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात मॉडिफाय गाड्यांवर कारवाईची मोहीम निघाली होती. मला फोन आला, मी गेलो, फोटो काढले. एक लाल मारुती ८०० उभी होती, बॉनेट उघडं. "इंजिनमध्ये बेकायदा फेरफार" एवढं वाक्य मला मिळालं. मी मथळा केला, 'शहरात बेकायदा इंजिनांचा अड्डा'. गाडी कुठल्या गॅरेजमध्ये तयार झाली तेही खाणाखुणांसकट छापलं. इंजिनात नेमका काय फेरफार झाला, तो धोक्याचा होता का, कोणी काही मोजलं का, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेले प्रश्न होते ते. काय, कसं, कशावरून.

बातमी गाजली. ते गॅरेज चालवणारे मेस्त्री साठीला आलेले. बातमीनंतर त्यांनी इंजिन खोलायचं कामच बंद केलं. ऑइल बदलायचं, ब्रेक-क्लच करायचा, पंक्चर काढायचं. बस्स. "आता नको बाबा ते लचांड," म्हणायचे.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. परवाच्या दिवाळीत माझ्या भाच्याने आठवण करून दिली.

भाच्याकडे जुनी कार्ब्युरेटरवाली ८०० आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कंपनीतून आली तेव्हा ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास. पोरगं चिखलातल्या टायमिंगच्या स्पर्धांना जातं. त्याला इंजिन जरा हलकं, जरा तिखट हवं होतं. तो आधी त्याच मेस्त्रींकडे गेला. ते नाही म्हणाले. मग तो दुसऱ्या गावातल्या एका पोराकडे गेला, जो रात्री शटर अर्धं ओढून काम करतो. त्या पोराने हेड मशीनवर सव्वा मिलिमीटरच्या जवळपास घासून आणलं, कॅमशाफ्ट कुठूनतरी नवीन आकारात ग्राइंड करून आणला, बेल्ट चढवला, पुलीवरची कंपनीची खूण जुळवली आणि म्हणाला, "घ्या, सेट आहे."

खूण जुळली होती. इंजिन सुरूही झालं. आठवडाभर चाललं. मग आंबा घाटात, रात्री, उतरावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चढ्या आवाजात असताना आतून खाडकन आवाज आला आणि गाडी जागेवर गपगार. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने कशी गाडी आवरली ते त्याचं त्यालाच माहीत. भाच्याच्या कपाळाला चार टाके पडले, बाकी काही नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकला होता.

बहिणीने मला काही बोलून दाखवलं नाही. भाच्याने मात्र दवाखान्यात सहज विचारलं, "मामा, मेस्त्रींनी केलं असतं तर असं झालं असतं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी मेस्त्रींकडे गेलो. आधी माफी मागितली. ते म्हणाले, "पत्रकार, तुम्ही छापलासा ते छापलासा. पर एकदा येऊन बघायचं हुतं की, मी काय करतोय ते." मग म्हणाले, "आणा ते इंजिन."

पुढचे तीन रविवार मी त्या गॅरेजात बसलो. जे पाहिलं ते तुम्हाला सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

इंजिनात क्रँकशाफ्ट दोन फेरे मारतो तेव्हा कॅमशाफ्ट एक फेरा मारतो. कॅमवरच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे ज्या अंशांवर ठरतं तेच कॅम टायमिंग. मेस्त्रींनी मला दोन वाक्यांत समजावलं. "पेरणीला वाफसा लागतो का न्हाई? पाऊस तेवढाच, बी तेवढंच, पर चार दिस मागं-पुढं झालं की पीक बदलतंय." कॅम थोडा पुढे घेतला की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि गाडी खालच्या वेगात चांगली ओढते. मागे घेतला की ताकद वरच्या वेगात जाते. फार मागे-पुढे गेला की व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन त्याच्या अंगावर येतो. घाटात झालं ते हेच.

आता कंपनीच्या खुणेची गोष्ट. ती खूण कंपनीच्या कॅमसाठी, कंपनीच्या हेडसाठी असते. हेड घासलं की कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतर कमी होतं. बेल्टची ताणलेली बाजू तेवढी आखूड होते आणि कॅम किंचित मागे पडतो. हिशोब सोपा आहे. पुलीचा व्यास शंभर मिलिमीटर धरला तर सव्वा मिलिमीटर घासल्याने कॅम जवळजवळ दीड अंश मागे जातो, म्हणजे क्रँकच्या भाषेत जवळजवळ तीन अंश. त्यात कॅम पुन्हा ग्राइंड करताना उंचवट्याचा माथाच सरकला असेल तर खुणेला अर्थच उरत नाही. खूण जुळते आणि टायमिंग चुकतं.

मेस्त्रींनी काय केलं? स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा एक खिळा बसवला. क्रँकवर अंशांची गोल तबकडी लावली. इंजिन हाताने एका बाजूला खिळ्याला टेकेपर्यंत फिरवलं, आकडा लिहिला. दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत फिरवलं, आकडा लिहिला. दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खरी जागा. नुसत्या डोळ्याला ती कळत नाही, कारण वरच्या टोकाला क्रँक कितीतरी अंश फिरतो आणि पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही. मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज लावला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याच्या आधी आणि नंतर सारख्याच उंचीवर असताना तबकडीचे आकडे घेतले, त्यांची सरासरी काढली. प्रत्येक वेळी इंजिन चालत्या दिशेनेच फिरवायचं, उलटं नाही. उलटं फिरवलं की बेल्टची ढिलाई आकड्यात शिरते.

आकडा आला १२१ अंश. मेस्त्रींच्या मते या कॅमला आणि या कामाला १०८ हवा होता. तेरा अंशांची चूक! त्यातले तीनेक अंश हेड घासल्याचे, उरलेले दहा ग्राइंडिंगचे.

मी म्हटलं, "मग बेल्ट एक दात सरकवा." मेस्त्री हसले. पुलीला चाळीस दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे नऊ अंश, क्रँकचे अठरा. एक दात सरकवला असता तर चूक तेरा अंशांवरून उलट बाजूला पाच अंशांवर गेली असती. त्यासाठी त्यांनी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात त्यांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून दोन तुकड्यांची पुली करून घेतली. आत हब, बाहेर दातांची कडी, मध्ये लांबट भोकं आणि बोल्ट. बोल्ट सैल करा, अर्धा अंश सरकवा, आवळा, क्रँकचे दोन पूर्ण फेरे मारा, पुन्हा मोजा. सकाळी दहाला सुरू केलेलं मोजमाप दुपारी जेवायच्या वेळेला संपलं.

त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. नवा व्हॉल्व्ह बसवून पिस्टनच्या माथ्यावर पोरं खेळतात ती क्ले लावली, हेड बसवलं, इंजिन हाताने फिरवलं, हेड काढलं आणि चेपलेल्या क्लेची जाडी मोजली. जुन्या सेटिंगला एक्झॉस्टच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर जागा होती. थंड इंजिनात, हाताने फिरवताना. गरम झाल्यावर, स्प्रिंग थकल्यावर, बेल्ट ताणल्यावर उरणार काय? १०८ वर आणल्यावर जागा दोन मिलिमीटरच्या वर गेली. "आता आपटायचं न्हाई," मेस्त्री म्हणाले.

आणि शेवटी डिस्ट्रिब्युटर. या इंजिनात तो कॅमवरूनच फिरतो. कॅम तेरा अंश सरकला म्हणजे ठिणगीही तेवढीच सरकली. टायमिंग लाइट लावून ती पुन्हा जागेवर आणली. रात्रीच्या शटरवाल्या पोराला हे ठाऊक नव्हतं. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. काम हातात घेण्याआधी मेस्त्रींनी अट घातली होती, "आधी बिरेक दाखवा. बिरेक पास, तर कॅम."

त्या तीन रविवारांत माझी स्वतःची १९९८ची ८०० पण तिथेच उभी असायची. मी नेहमीसारखं रडगाणं गायलं, "मेस्त्री, घाटात ओढत नाही हो." त्यांनी कव्हर काढून पाहिलं. बेल्ट एक दात चुकलेला. दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये बेल्ट बदलला होता, तेव्हापासून. म्हणजे माझी गाडी दोन वर्षं अठराएक अंश चुकलेल्या टायमिंगवर फिरत होती, जास्त पेट्रोल पीत होती, जास्त धूर सोडत होती. आणि त्या दोन वर्षांत तिच्याकडे पीयूसीचं वैध प्रमाणपत्र होतं! कसं? जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी आयडलला होते. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. माझ्या गाडीच्या वयाला मर्यादा आहे ३ टक्के आणि १५०० पीपीएम. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवला, आकडा आत आला, शिक्का मिळाला. गाडी चढावर काय सोडते ते त्या यंत्राला कोणी विचारत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर त्या तपासणीत मोजलेच जात नाहीत.

आता दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघा.

एक माझी. टायमिंग अठरा अंश चुकलेलं. कागद सगळे ओके. रस्त्यावर कोणी अडवलं तर मी ताठ मानेने कागद दाखवणार.

दुसरी भाच्याची. टायमिंग अर्ध्या अंशापर्यंत मोजलेलं, व्हॉल्व्हची जागा मोजलेली, ब्रेक तपासलेले. कागदावर ती संशयित. रस्त्यावर कोणी बॉनेट उघडायला लावलं आणि ती चकचकीत पुली दिसली, की पोरगं गुन्हेगार.

माझं भांडण या दोन गाड्यांमधल्या फरकाशी आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पण याच कलम ५२च्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे काय तेही लिहिलंय. गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता मला सांगा, कॅमची पुली तीन अंश सरकवणं हा मूळ वैशिष्ट्यातला बदल आहे का? हेड घासल्यामुळे मागे पडलेला कॅम पुन्हा जागेवर आणणं हा बदल आहे की दुरुस्ती? आरसी बुकात कॅम टायमिंगचा रकानाच नाही. मग हे ठरवणार कोण? भर चौकात, उन्हात उभा असलेला माणूस. त्याच्या हातात ना तबकडी, ना डायल गेज. त्याच्याकडे आहेत दोन कान आणि एक पावती पुस्तक.

म्हणून कारवाई नेहमी आवाजावर होते. सायलेन्सर काढायचे, रस्त्यावर रांगेत मांडायचे, वरून रोडरोलर फिरवायचा आणि आम्हाला फोटोला बोलवायचं. फोटो झकास येतो. मीही छापलेत. आणि स्पष्ट सांगतो, त्या फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर कारवाई झालीच पाहिजे. दवाखान्यासमोर, परीक्षेच्या दिवसांत रात्री बारा वाजता ती धडधड ऐकून माझंही डोकं फिरतं. त्या पोरांची वकिली मी करत नाही. पण रोडरोलर फिरवल्याने गाड्या सुरक्षित झाल्या असं समजत असाल तर ती फसवणूक आहे. ज्या रात्री माझा भाचा घाटात अडकला, त्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचा होता. आवाज एकदम शांत. नाकाबंदीतून ती आरामात सुटली असती.

कोणी म्हणेल, मॉडिफाय गाड्यांमुळेच अपघात होतात. १९ मे २०२४ची पुण्यातली कल्याणीनगरची पहाट आठवा. दोन तरुण जीव गेले. ती गाडी कुठल्या गॅरेजात तयार झालेली नव्हती. कंपनीतून जशी आली तशीच होती, आणि इलेक्ट्रिक असल्याने तिच्यात कॅमशाफ्टच नव्हता. तिची कायमस्वरूपी नोंदणीसुद्धा झालेली नव्हती, तरी ती रस्त्यावर होती. मेस्त्रीची पुली शोधणाऱ्या यंत्रणेला ती कोट्यवधींची बिननंबरची गाडी दिसली नाही.

आणखी कोणी म्हणेल, कंपनीने केलेलं तेच बरोबर, मेस्त्रीला काय कळतंय? सप्टेंबर २०१५ विसरलात का? फोक्सवॅगनने जगभर एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांमध्ये अशी सॉफ्टवेअर बसवली होती की प्रयोगशाळेत धूर कमी आणि रस्त्यावर जास्त. भारतात पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली, त्यानंतर कंपनीने इथल्या तीन लाख तेवीस हजारांवर गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं. २०१९मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, त्याच्या सक्तीच्या वसुलीला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. मोठ्यांच्या फेरफाराला वकील मिळतात, तारखा मिळतात. मेस्त्रीच्या फेरफाराला माझ्यासारखा पत्रकार मिळतो आणि दुसऱ्या दिवशी दुकान बसतं.

मी असं म्हणत नाही की मोकळं रान सोडा. उलट माझी मागणी आजच्यापेक्षा कडक आहे. लांब वेळ उघडा राहणारा कॅम बसवला की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, आयडलला इंजिन डुलतं आणि न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून बाहेर जातं. हे खरं आहे. त्याचा त्रास तुमच्या-माझ्या फुप्फुसाला होतो. ताकद वाढवली आणि ब्रेक तेच ठेवले तर जीव जातो, हेही खरं आहे. म्हणूनच म्हणतो, मोजा. सगळं मोजा. बदल केला म्हणून शिक्षा नको, न मोजता बदल केला म्हणून शिक्षा करा.

हे जगावेगळं नाही. जर्मनीत गाडीत बदल केला की अधिकृत तज्ज्ञाकडे न्यायची, तो तपासतो आणि मग तो बदल गाडीच्या कागदांवर चढतो. ऑस्ट्रेलियात इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. सीएनजी-एलपीजीचे मंजूर किट बसवून आपण आरसीवर नोंद करतोच की! पेट्रोलची गाडी गॅसवर नेणं हा केवढा मोठा बदल, त्याला नियम आहे, फॉर्म आहे, शिक्का आहे. मग कॅमच्या तीन अंशांनीच काय पाप केलंय?

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, इंजिनातल्या बदलांसाठी एकेका गाडीची तपासणी करून नोंद करायची सोय आरटीओत असावी. धूर आयडलला आणि चढ्या वेगाला, दोन्हीकडे मोजा. आवाज यंत्राने मोजा. ब्रेक रोलरवर मोजा. फिटनेससाठी स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम झालेलेच आहेत, तीच यंत्रं इथे वापरा. पास झाली तर आरसीवर नोंद, नापास झाली तर गाडी रस्त्यावर नाही. फी घ्या, चांगली घणघणीत घ्या. आज तोच पैसा दुसऱ्या वाटेने जातोय, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी, कलम ५२मधलं 'मूळ वैशिष्ट्य' म्हणजे काय ते नियमात स्पष्ट लिहा. दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, हे चौकातल्या माणसाच्या मर्जीवर सोडू नका. त्या हवालदारावरही तो अन्यायच आहे.

तिसरी, मेस्त्रींना कागद द्या. अनुभवाने शिकलेल्या कारागिरांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची योजना सरकारकडे आहे. ती शिबिराच्या फोटोपुरती ठेवू नका. मेस्त्रींसारख्या माणसाच्या हातात इंजिन द्या, बाजूला परीक्षक बसवा, टायमिंग मोजायला सांगा. आणि ज्यांना हे येतं त्यांना आयटीआयच्या पोरांसमोर महिन्यातून एक दिवस मानधन देऊन उभं करा. मेस्त्री गेले की ती तबकडी भंगारात जाणार, आणि मागे राहणार फक्त शटर अर्धं ओढलेली पोरं.

चौथी मागणी माझ्याच बिरादरीला. बांधवांनो, बॉनेट उघडलेल्या गाडीचा फोटो छापायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "मोजलं का?" उत्तर नाही आलं तर बातमी तीच आहे.

कोल्हापूर भागातला माणूस म्हणून एक बोलतो. आपल्याकडे उद्यमनगरात, शिरोलीच्या फाउंड्रीत, लेथवर अंगावर तेल घेऊन उभं राहिलेल्या माणसांनी हा जिल्हा घडवला. त्यातल्या कितीतरी जणांकडे डिग्री नव्हती, मायक्रोमीटर होता. त्या माणसांच्या वारसांना आज आपण सांगतोय, तुमचं मोजमाप आम्हाला नको, कंपनीची खूण जुळली की पुरे. घाटात खूण जुळलेलंच इंजिन फुटलं होतं, हे लक्षात ठेवा.

भाच्याची गाडी आता तयार आहे. मेस्त्रींनी वहीच्या पानावर सगळे आकडे लिहून दिलेत. टायमिंग, व्हॉल्व्हची जागा, ठिणगीचे अंश, तारीख, सही. भाच्याला म्हणाले, "कागुद जपून ठेव. कुणी विचारलंच तर दाखवाय ईल." ते पान प्लास्टिकमध्ये घालून आरसीच्या शेजारी ठेवलंय. त्याला कायद्यात कवडीची किंमत नाही. पण त्या गाडीबद्दलची सगळ्यात खरी माहिती त्या पानावर आहे, आरसी बुकात नाही. गाडी सध्या घरासमोर झाकून ठेवलीय. स्पर्धेला टेम्पोवर घालून न्यायची ठरलंय. बहिणीला ते बरं वाटतंय, आणि मलाही.

राहिली माझी दुरुस्ती. तीन वर्षांपूर्वीची ती बातमी चुकीची होती. मी काही तपासलं नव्हतं. तो 'अड्डा' नव्हता, आमच्या तालुक्यातली ती एकच जागा होती जिथे टायमिंग मोजून लावलं जायचं. ज्या पेपरात ती छापली त्याच पेपरात तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापावी म्हणून मी लेखी विनंती केली आहे. छापतील न छापतील. तोवर इथे, सगळ्यांसमोर, मेस्त्रींची माफी मागतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच. आरटीओतले, पोलिसातले, आयटीआयतले मित्र यादीत आहेत, त्यांनी जरूर लिहावं. आणि तुमच्या गाडीचा बेल्ट अलीकडे बदलला असेल आणि गाडी चढावर ओढत नसेल, तर पीयूसीवर विसंबू नका. कव्हर काढून दात मोजायला लावा.